दूधवाल्याच्या गाडीला टायर कोणता?

मागच्या चाकाचा टायर घ्यायला गेलेला दूधवाला पहिला प्रश्न एकच करतो, ‘शेठ, किती किलोमीटर चालंल?’ प्रश्न रास्तच आहे. अकोले-संगमनेर भागात वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालणाऱ्याची फेरी रोज ६० किलोमीटर धरली, तरी वर्षाकाठी २२ हजारांच्या आसपास धाव होते. हौसेने लांबवर भटकणाऱ्यांच्या गाड्याही क्वचितच एवढ्या पळतात.

‘हा घ्या, कडक रबर आहे, लई दिवस बघायला नको,’ असे दुकानदार सांगतो. त्यात खोटे काही नाही. कडक रबर हळू झिजते. पण ओल्या रस्त्यावर तेच रबर पकड कमी देते. मऊ रबर रस्ता धरते आणि लवकर घासते. मृगाच्या पहिल्या सरीत डांबरावर तेल-मातीचा राडा होतो. अशा वेळी भरलेले कॅन घेऊन उतारावर ब्रेक मारायची पाळी आली, की टायरवर वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात. म्हणून सर्वांत कडक टायर मागू नये, मधला घ्यावा.

खरी मेख आहे वजनात. टायरच्या कडेवर २.७५-१८ अशा मापापुढे ४२ किंवा ४८ असा आकडा व एक इंग्रजी अक्षर असते. अक्षर वेगाचे, आकडा वजनाचा. ४२ म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त १५० किलो पेलायचे, ४८ म्हणजे १८० किलो. आता दूधवाल्याचा हिशेब करा. ४० लिटरच्या दोन कॅनमधले दूधच ८२ किलोच्या घरात जाते. कॅनचे वजन वेगळे. त्यात गाडीच्या वजनाचा निम्मा वाटा, चालवणाऱ्याचा निम्म्याहून जास्त. हे सारे मागच्या चाकावर! बेरीज २०० किलोला टेकते. मग ४२ चा टायर महिन्यांत गोटा झाला, तर दोष कंपनीला कसा द्यायचा? रिमला बसणाऱ्या मापात वजनाचा आकडा मोठा असलेला टायर मागावा. काहीजण वर तिसरा कॅन ठेवतात, त्यांना मात्र कोणताच टायर पुरणार नाही. गाडीही नाही.

दुसरी गोष्ट हवेची. पुष्कळजण टायरला लाथ मारून हवा ‘तपासतात’. हवा कमी असली की टायर दबतो, तापतो आणि कडेने झिजतो. जास्त झाली की मधोमध झिजतो. हवेचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कॅन लावून जाणाऱ्याने दोघांसाठी दिलेला आकडा धरावा, आणि आठवड्यातून एकदा सकाळी, टायर थंड असताना, मीटर लावून हवा बघावी. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, तेही पाहावे. चाक तिरके बसले तर चांगला टायरही वेडावाकडा घासतो.

बाभळीच्या काट्याने हैराण झालेले लोक ट्यूबलेसची चौकशी करतात. काटा शिरला तरी त्यातली हवा एकदम जात नाही, हा मोठा फायदा. पण साध्या आऱ्यांच्या रिममधून हवा निसटते, त्यामुळे तो त्यासाठीच्या रिमवरच बसवावा.

घेताना कडेवरचे चार आकडे वाचायला विसरू नका. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेले रबर न वापरताही कडक होऊन तडकते. स्वस्तात मिळतो म्हणून असा टायर घेऊ नये. नव्या टायरचा वरचा पापुद्रा गुळगुळीत असतो, पहिले शंभरेक किलोमीटर बेताने चालवावे.

आणि बदलायचा कधी? खाचांच्या तळाशी झिजेची खूण दाखवणारे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. दुचाकीसाठी कायद्याने ०.८ मिलिमीटर खोली लागते. ‘अजून महिनाभर ओढू’ म्हणणारे बरेच भेटतात, आणि तो महिना नेमका आषाढाचा असतो.