नवीन सिस्टर-ब्रदरसाठी: विंचू, मण्यार आणि तुमचे डोळे

सोनारीसारख्या परंडा तालुक्यातल्या गावांत उन्हाळ्यात माणसं जमिनीवर झोपतात. पहाटे कुणी ‘पोटात कळा येतायत’ म्हणत कॅज्युअल्टीत आलं, तर लगेच ॲसिडिटी समजू नका. ‘रात्री कुठे झोपला होता?’ हे आधी विचारा. जमिनीवर झोपला असेल तर मण्यार हा साप चावलेला असू शकतो; त्याच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. वर बघायला सांगा, पापण्या पडतात का पाहा. उशीवरून मान उचलायला लावा. एका श्वासात आकडे मोजायला लावा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. आकडा घटतोय म्हणजे श्वासाचे स्नायू थकतायत. ऑक्सिजनचं रीडिंग चांगलं असलं तरी डॉक्टरांना हाक मारा.

विंचवाचं उलटं, दंशाची जागा कळते, पण धोका तिथे दिसत नाही. फक्त दंशाजागी आग होणाऱ्यापेक्षा घामाने भिजलेला, हातपाय गार पडलेला, उलट्या करणारा पेशंट जास्त धोक्यात. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगडातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या पेशंटपाशी बसून त्यांनी नाडी, बीपी, फुप्फुसातलं पाणी टिपलं आणि पुढे प्राझोसिनचा उपचार रूढ केला. माझ्या मते ॲसेसमेंट शिकायला याहून चांगला धडा नाही.

आणि हो, श्वास पूर्ण 1 मिनिट मोजा. चार्टवर सगळ्यांचे सरसकट 18 लिहू नका!