बागेचे मुद्दल मातीत

व्यापारी कुटुंबाच्या बंगल्यापुढील अथवा गच्चीवरील बाग बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, मोगरा आणि मांडवावर दोडका किंवा दुधी. पहिले वर्ष आनंदात जाते. दुसऱ्या वर्षी जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर चढतो, लिंबाची पाने आकसतात आणि घरात मतभेद सुरू होतात. मुलगा दुकानातून औषधाची बाटली आणतो आणि आजी ती उघडू देत नाहीत. झाड जाऊ द्यावे की कीड मारावी, असा पेच उभा राहतो.

शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी, आणि अणुव्रती श्रावकाने तिचा त्याग करावयाचा असतो. घरकामात अटळपणे घडणारी ती आरंभी. तिला यतनेने, म्हणजे सावधपणे, मर्यादा घालावयाची असते. शेतकऱ्याची फवारणी उपजीविकेसाठी असते, म्हणून तिचा विचार उद्योगी हिंसेत करता येतो. हौसेच्या बागेला ती सबब नाही. बाटली हातात घेऊन किड्यांवर नेम धरणे हे संकल्पाच्या फार जवळ जाते.

यावर हल्ली एक सोपे उत्तर दिले जाते, ते म्हणजे ‘सेंद्रिय औषध वापरा’. परंतु सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे. साबणाचे पाणी मऊ अंगाच्या किड्याचे संरक्षक आवरण नष्ट करून त्याला मारते. पिवळा चिकट सापळा तर त्यासाठीच बनवलेला असतो आणि त्यात उपकारक कीटकही अडकतात. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारते, अंडी घालण्यापासून मादीला परावृत्त करते, तसेच अळीची कात टाकण्याची क्रियाही रोखते. म्हणजे कीड येण्यापूर्वी केलेली निंबोळी अर्काची फवारणी पुष्कळशी प्रतिबंधाची असते. झाड किड्यांनी भरल्यावर केलेली तीच फवारणी मारक ठरते. औषध एकच, पण वेळेनुसार त्याचा दोष बदलतो. म्हणून खरा प्रश्न कोणते औषध मारावे हा नसून औषधाची वेळच कशी येऊ देऊ नये, हा आहे. त्याचे उत्तर मातीपासून सुरू होते.

नव्या बंगल्याभोवती बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा पसरलेला असतो आणि त्यावर चार-सहा इंच लाल मातीचा देखावा केलेला असतो. मूळ त्या थराखाली गेले की उपाशी राहते. अशी बाग म्हणजे मुद्दलाशिवाय थाटलेले दुकान होय. त्यामुळे झाडे लावण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. दोन्हींना खर्च नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेऊन पाणी भरावे, जोराने हलवून ठेवावे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती एक-दोन दिवसांत. थरांवरून मातीचा पोत समजतो. दुसरी चाचणी निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा व पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दिवसभर तसेच राहिले तर मुळे कुजणार, हे निश्चित समजावे. अशा ठिकाणी वाफा उंच करणे हाच उपाय. सामू व सेंद्रिय कर्ब यांसाठी माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्यावा.

देशावरील काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते. तिच्यात लोह असूनही झाडाला मिळत नाही. मग मोगऱ्याची किंवा लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पुष्कळ घरांत याला रोग समजून कीटकनाशक मारले जाते. जिथे कीडच नाही तिथे केलेली ही हिंसा केवळ अज्ञानाची असते.

कोणत्याही निकस मातीला एकच खात्रीचा उतारा आहे, तो म्हणजे कुजलेला पालापाचोळा. त्याने चिकणमाती भुसभुशीत होते आणि मुरमात ओल टिकते. छिद्रे पाडलेल्या पिंपात वाळकी पाने भरून ती ओलसर ठेवावीत. वारंवार ढवळू नये. खत तयार व्हायला दोन-तीन महिने अधिक लागतील, पण आतील जीवांना फावड्याचा घाव बसणार नाही. स्वयंपाकघरातील सालींत माश्यांच्या अळ्या होतात, हा घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. शिजलेले अन्न पिंपात मुळीच टाकू नये, आणि साली टाकल्याच तर त्याच दिवशी वाळक्या पानांच्या जाड थराने झाकाव्यात.

मातीचे मुद्दल भक्कम झाले की किडीचा बराचसा भार उतरतो. मावा कोवळ्या, रसरशीत फुटीवर येतो आणि युरियाचा हात सैल सुटला की तशी फूट भरमसाट येते. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. म्हणून कुंडीच्या पायांखाली पाण्याच्या थाळ्या ठेवाव्यात. मुंग्यांची वाट बंद झाली की माव्याचा पहारा उठतो. विष नसलेल्या बागेत लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपोआप येतो. तो व त्याची अळी मावा खातात. पानांच्या खालच्या बाजूने सोडलेली पाण्याची धार मावा व लाल कोळी खाली उतरवते. पिठ्या ढेकणाने भरलेला शेंडा कापून तो झाडापासून दूर, छायेत परठवावा. दुधी-दोडक्याच्या कोवळ्या फळावर कागदी पिशवी बांधली की फळमाशीला अंडी घालता येत नाहीत. पालेभाजीच्या वाफ्यावर बारीक जाळी आधीच ताणावी, किडे आत शिरल्यावर ताणण्यात अर्थ नाही.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. पुढे ती हिरवी होते आणि शेवटी तिचे पिवळ्या-काळ्या रंगाचे फुलपाखरू बनते. मोठ्या झाडाचे ती फारसे बिघडवत नाही. रोप लहान असेल तर फांदीसह तिला मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवावे. असे एक झाड कोपऱ्यात त्यांच्याच नावे राखून ठेवणारी घरे आहेत.

‘तण खाई धन’ ही म्हण खरी आहे, पण तण उगवते ते उघड्या मातीत. खणले की खाली दडलेल्या बियांना उजेड मिळतो आणि त्या रुजतात. तीन-चार इंच पाचोळ्याचे आच्छादन घातले तर बहुतेक हंगामी तण उगवतच नाही आणि पाण्याचीही बचत होते. लव्हाळा मात्र आच्छादनातून वर येतो, कारण त्याची पुंजी जमिनीतील गाठींत असते. दर पंधरा दिवसांनी त्याची पाती कापत राहावे आणि वर दाट सावली करणारे पीक घ्यावे; हळूहळू गाठी रित्या होतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे. एका झाडाला हजारो बिया धरतात, आणि त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज व पुरळ उठतात, म्हणून हातमोजे आवश्यक.

एवढे करूनही काही नुकसान होईलच. जो व्यापारी उधारीतील काही रक्कम बुडीत धरूनच धंदा करतो, त्याला चार पाने आणि दोन दुधी सोडून देणे जड जाऊ नये. एखादे झाड दरवर्षी किडीने भरतच असेल, तर ते त्या जागेचे नाही असे समजून दुसरे निवडावे.

कामांचा क्रमही सोयीने लावता येतो. ज्येष्ठात पाऊस लागण्यापूर्वी खत घालून आच्छादन पसरावे, पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात. चातुर्मासात खणणे बंद ठेवावे. त्या काळात जमिनीत जीवोत्पत्ती विपुल असते आणि ओली काळी माती तुडवली, खणली तर तिची ढेकळे घट्ट होतात, म्हणजे व्रत आणि शेतीशास्त्र येथे एकच सांगतात. त्या चार महिन्यांत रोज सकाळी पाने उलटून पाहावीत. सुरुवातीचा मावा बोटभर शेंड्यावर असतो आणि तेव्हा पाण्याची धार पुरते. कार्तिकी पौर्णिमेनंतर मातीचा नमुना तपासणीस द्यावा आणि अहवाल हाती आल्यावरच पुढील वर्षाच्या खताचा हिशेब मांडावा.