मोहोराची पहिली चाहूल

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात सुरू होतो. कोकणातील आंब्याच्या बागेत मात्र त्याचे पहिले पाऊल मार्गशीर्ष-पौषातच पडलेले असते. सकाळी गवतावर दंव असते, शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि त्याच वेळी हापूसच्या काडीच्या टोकाशी असलेला डोळा फुगू लागतो. बागेत मोहोराचा सुगंध दरवळला म्हणजे आंबा मोहोरला असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु सुगंध येतो तो फुले उमलल्यावर. डोळा फुगल्यापासून मोहोर पूर्ण उमलेपर्यंत सुमारे महिनाभराचा अवधी लोटतो आणि पिकाचे बरेचसे भवितव्य याच अवधीत ठरते. यास्तव वासाची वाट न पाहता डोळ्याकडे पाहण्याची सवय बागाईतदाराने लावून घेणे अगत्याचे आहे.

डोळा पालवीचा की मोहोराचा?

पावसाळा संपल्यावर आंब्याला नवी पालवी येते. ही पालवी जून होऊन पाने गर्द हिरवी व टणक झाली आणि त्यानंतर रात्रीचे तापमान पुरेसे उतरले, म्हणजे काडीच्या टोकाशी मोहोराची घडण सुरू होते. पाऊस लांबला, किंवा थंडीच्या आरंभी झाडाला पाणी अथवा नत्रयुक्त खत दिले गेले, तर त्याच डोळ्यातून मोहोराऐवजी पुन्हा पालवी फुटण्याचा संभव असतो. अशा काडीवर त्या हंगामात मोहोर येतच नाही, किंवा आला तरी फार उशिरा येतो.

दोन्ही डोळ्यांतील फरक थोड्या सरावाने ओळखता येतो. पालवीचा डोळा बारीक व टोकदार असतो. त्यातून पुढे तांबूस रंगाची कोवळी पाने निघतात. मोहोराचा डोळा जाड, गोलसर व फुगीर असतो. त्याची खवले सैल होऊन आतील तुरा बाहेर डोकावू लागला, म्हणजे बोंगे फुटले असे बागाईतदार म्हणतात. क्वचित एकाच डोळ्यातून पाने व मोहोर ही दोन्ही निघतात. बोंगा फुटणे हीच बागेतील वसंताची पहिली खात्रीची खूण होय.

सर्व झाडे एकाच वेळी मोहोरत नाहीत. पुष्कळदा एकाच झाडाची एक बाजू मोहोरते व दुसरी पालवीवर राहते. म्हणून रस्त्यावरून बागेकडे पाहून अंदाज बांधणे योग्य नव्हे. झाडाभोवती फिरून चारही बाजूंच्या काड्या पाहिल्या पाहिजेत.

ढगांनी मोहोर जळतो काय?

चार दिवस मळभ आले आणि मोहोर काळा पडून गळाला, तर ढगांनी मोहोर जाळला असे गावोगाव ऐकू येते. मळभाचा व या नुकसानीचा संबंध आहे हे खरे. परंतु मोहोराचा घात करणारे शत्रू निराळे आहेत. ढगाळ व दमट हवा त्यांना मानवते, इतकेच.

पहिला शत्रू तुडतुडे. पाचरीच्या आकाराचे हे लहान कीटक मोहोर नसताना खोडाच्या सालीच्या भेगांत व दाट फांद्यांच्या सावलीत दडून राहतात. बोंगे फुटू लागताच ते तेथून कोवळ्या तुऱ्यांकडे वळतात. मादी बोंग्यांत, मोहोराच्या दांड्यांत व कोवळ्या पानांच्या शिरांत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिले आणि प्रौढ तुडतुडे रस शोषून घेतात, त्यामुळे कळ्या व फुले सुकून गळतात. त्यांच्या शरीरातून मधासारखा चिकट द्रव पानांवर व मोहोरावर पडतो. त्यावर काळी बुरशी वाढते. मोहोर जळाल्यासारखा दिसतो तो या बुरशीमुळे. मळभाच्या दिवशी नुकसान डोळ्यांत भरले, तरी त्याचा आरंभ बोंगे फुटताना घातलेल्या अंड्यांत झालेला असतो.

दुसरा शत्रू भुरी. थंड रात्री, सकाळचे दंव आणि ढगाळ हवा असली की ही बुरशी मोहोराच्या दांड्यांवर व कळ्यांवर पिठासारखी पांढरी पसरते. रोगट फुले न उमलता गळतात आणि नुकतीच धरलेली कणीही टिकत नाही.

रक्षणाची योग्य वेळ

तुडतुड्यांचा बंदोबस्त बोंगे फुटताना, म्हणजे अंडी घालण्याच्या सुमारास केला, तर थोड्या औषधात अधिक काम होते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा फवारणीचे वेळापत्रक मोहोराच्या अवस्थांनुसारच आखलेले आहे. त्या त्या वर्षी शिफारस केलेले औषध व त्याचे प्रमाण पाहून फवारणी करावी. एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. तसे केल्यास किडीला त्याची सवय होऊन औषध निरुपयोगी ठरते. फवारा केवळ मोहोरावर न मारता खोडावर, मोठ्या फांद्यांवर व झाडाच्या आतील भागातही पोचला पाहिजे, कारण तुडतुड्यांचे आश्रयस्थान तेथेच असते.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कडक उन्हात गंधकाची फवारणी करू नये.

मोहोर पूर्ण उमलल्यावर मात्र कीटकनाशकाची फवारणी टाळावी. आंब्याच्या तुऱ्यात नर फुले व द्विलिंगी फुले अशी दोन प्रकारची फुले असतात आणि फळ केवळ द्विलिंगी फुलांनाच धरते. परागीकरणाचे काम माश्या, मधमाश्या व इतर लहान कीटक करतात. फुले उमललेली असताना फवारा मारल्यास हे उपकारक कीटक मरतात. मोहोर भरपूर येऊनही फळे धरत नाहीत, त्याचे हे एक कारण असते. मुळातच शंभर फुलांपैकी एखादे फूलसुद्धा पक्व फळापर्यंत पोचत नाही. तेव्हा परागीकरणात आलेली प्रत्येक अडचण बागाईतदारास महागात पडते.

पाण्याविषयीही घाई करू नये. मोहोर दिसला म्हणून लगेच पाणी देण्याचे कारण नाही. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर प्रत्येक झाडास १५० ते २०० लिटर पाणी द्यावे व पुढे साधारण १५ दिवसांच्या अंतराने फळे गोटीएवढी व अंड्याएवढी असताना पुन्हा द्यावे. बुंध्याभोवती गवताचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

आधीचा व मागचा मोहोर

फळ धरल्यापासून हापूस काढणीस तयार होण्यास सुमारे साडेतीन महिने लागतात. डिसेंबरच्या मध्यास कणी धरली, तर मार्चअखेर फळ हाती येते व त्यास भावही चांगला मिळतो. तेच फेब्रुवारीच्या अखेरीस धरलेले फळ जूनच्या पावसात सापडण्याची भीती असते. पहिला मोहोर गमावल्यास मागून येणाऱ्या मोहोरावर विसंबावे लागते आणि त्याची नुकसानी अशी थेट पैशात मोजावी लागते. मात्र फार कडाक्याच्या थंडीत घडलेल्या मोहोरात द्विलिंगी फुलांचे प्रमाण कमी असते, हेही ध्यानात ठेवावे. लवकर आलेला मोहोर विरळ धरला, तर त्याचा दोष प्रत्येक वेळी किडीवर घालणे बरोबर होणार नाही.

रानातील खुणांवर भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. काटेसावर तांबड्या फुलांनी बहरते तेव्हा हापूसच्या पहिल्या मोहोरास बहुधा कणी धरलेली असते. उमललेली काटेसावर दुरूनही दिसते. बोंगा पाहण्यासाठी मात्र झाडाजवळ जावे लागते.

निरीक्षण कसे करावे?

नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून दोनदा सकाळी लवकर बागेत फेरी घालावी. बागेच्या निरनिराळ्या भागांतील दहा झाडे निवडून त्यांना खूण करावी. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंची एकेक काडी सुतळी बांधून ठरवून ठेवावी व दर फेरीस त्याच काड्या पाहाव्यात. डोळा टोकदार आहे की फुगीर, बोंगा फुटला आहे काय, तुरा किती लांब झाला, याची तारखेसह नोंद साध्या वहीत करावी. पहाटेच्या गारव्यात तुडतुडे सुस्त असतात. अशा वेळी फांदीखाली पांढरे फडके धरून फांदी झटकली, तर ते फडक्यावर पडून सहज मोजता येतात. चाळीस काड्या पाहण्यास तास-दीड तासाहून अधिक वेळ लागत नाही.

अशी वही दोन-तीन वर्षे ठेवली, म्हणजे आपल्या बागेतील कोणते झाड आधी मोहोरते, कोणत्या बाजूस तुडतुडे प्रथम येतात आणि कोठे फांद्यांची दाटी विरळ करणे आवश्यक आहे, हे बागाईतदारास आपोआप कळू लागते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एका बागेत प्रथम स्वतः ही पाहणी करावी, आजूबाजूच्या बागाईतदारांना तेथे बोलावून फुगलेला डोळा व बोंगा प्रत्यक्ष दाखवावा, आणि मगच फवारणीची गोष्ट काढावी. डोळ्यांनी पाहिलेली खूण शेतकरी विसरत नाही. ही खूण ज्याला वेळेवर ओळखता येईल, त्याचा पहिला मोहोर वाचेल आणि औषधावरील बराचसा व्यर्थ खर्चही टळेल.