पावसानंतरचा दुष्काळ

पहिला पाऊस पडला, वर्तमानपत्रांत हिरव्या माळांचीं छायाचित्रें आलीं, कीं दुष्काळ संपला असें लोकांस वाटतें व देणग्यांचा ओघ त्याच आठवड्यांत आटूं लागतो. हा समज घातक आहे, हें उदार आश्रयदात्यांच्या नजरेस आणणें आम्हांस अवश्य वाटतें.

ऑगस्ट १९४३ मध्यें कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रानें भूकबळींचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां बंगालच्या दुष्काळाकडे सर्वांचें लक्ष गेलें. त्या वर्षाअखेर भाताचें अमन पीक चांगलें आलें. परंतु उपासानें खंगलेल्या शरीरांस हिवताप व देवी यांनीं गांठलें, आणि मृत्यूंचें सत्र १९४४ सालींहि चालूच राहिलें.

शेतकऱ्याची स्थिति याहून निराळी नाहीं. वैरण संपली तेव्हां त्यानें बैल मिळेल त्या किंमतीस विकले. मृग लागतांच साऱ्या तालुक्यास बैल एकदमच हवे असतात. म्हणजे ज्या बाजारांत पडत्या भावानें विकले, त्याच बाजारांत चढत्या भावानें घ्यावयाचे! ट्रॅक्टरचें भाडें परवडत नाहीं तेथें आजहि बैलावांचून पेर नाहीं. घरचें बियाणें खाण्यांत गेलेलें. बाजरी हातीं येण्यास आश्विन उजाडतो, शाळू तर माघ-फाल्गुनाशिवाय घरांत येत नाहीं. तोंपर्यंत सावकाराखेरीज त्यास कोणाचें दार उघडें आहे?

पूर्वीच्या मंडळींनीं हें ओळखलें होतें. १८९७ सालच्या हिंदी दुष्काळनिवारण धर्मादाय फंडानें चार उद्देश ठरविले. पैकीं सर्वस्व गमावलेल्यांस पुन्हा संसारास लावणें हा चवथा, आणि फंडाचा सर्वांत मोठा भाग त्यावरच खर्च झाला. महाराष्ट्रांत मे १९७३ मध्यें सुमारें ५० लक्ष लोक दुष्काळी कामांवर होते. पुढें चांगलीं पिकें आलीं; तरीहि वि. स. पागे प्रभृतींनीं विषय सोडला नाहीं, व १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला.

यास्तव समितीची विनंति मोठ्या एकरकमी देणगीची नाहीं. ज्यांस बाराशें रुपये देण्याची इच्छा असेल, त्यांनीं सहाशें आज द्यावे. ते मृगापूर्वीं बैल व बियाणें यांकडे लागतील. उरलेले दरमहा शंभरप्रमाणें आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत पाठवावे. त्यांतून धान्य व औषधें यांची तरतूद होईल. पाऊस उत्तम झाला तरी हप्ता थांबवूं नये. किंबहुना तेव्हांच थांबवूं नये.

गांववार हिशेब छापून प्रत्येक वर्गणीदाराकडे धाडण्यांत येईल. त्यांत हृदयद्रावक चित्रें नसतील. बैलांच्या पावत्या, बियाण्याचें वजन व कोयनेलाची नव्हे, तर आजच्या हिवतापाच्या औषधांचीं बिलें असतील. वाचण्यास तो रुक्ष वाटेल, तरी वाचावा व कांहीं शंका आल्यास समितीस जरूर विचारावें.