वाण्याच्या यादीतली नावं

महिन्याच्या सामानाची यादी कधी नीट वाचून पाहिलीत? गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर इथपर्यंत आपण सरळ वस्तूंची नावं लिहितो. पुढे मात्र लिहिणं बदलतं. धुण्याच्या पावडरीच्या जागी कुणी ‘निरमा’ लिहितं, बिस्किटांच्या जागी ‘पार्ले’ येतं, पापडांच्या जागी ‘लिज्जत’. वनस्पती तुपाला तर कित्येक घरांत वर्षानुवर्षं ‘डालडा’च म्हणत आले. आता कागदाची चिठ्ठी जाऊन यादी फोनवरून पाठवली जाते, पण नावं काही सुटलेली नाहीत.

दुकानात त्याच वस्तूचे दहा प्रकार समोर मांडलेले असतात. त्यांतले दोन-तीन स्वस्तही असतात. तरी हात जातो तो ठरलेल्या पुडीकडेच. सवय हो, दुसरं काय, असं तुम्ही म्हणाल. सवय आहेच. पण सवय लागण्याआधी कधी तरी एकदा विश्वास बसलेला असतो, आपला नाही तर आपल्या आईचा किंवा सासूबाईंचा. तो विश्वास कुणी कसा कमावला याच्या गोष्टी मोठ्या ऐकण्यासारख्या आहेत. काही ठिकाणी खरंच कुणी तरी आपल्या संसाराकडे डोळे उघडून पाहिलेलं असतं. काही ठिकाणी नुसताच आपुलकीचा आव असतो. या दोन्हींतला फरक आपल्याला कळायला हवा, कारण पैसे जातात ते आपल्या पाकिटातून. आणि तुमच्यापैकी ज्या घरी भाजणी, मसाले, लोणची करून विकतात, त्यांना तर तो दोन्हीकडून कळायला हवा!

सायकलवरची पिवळी पावडर

१९६९ सालची गोष्ट. अहमदाबादला करसनभाई पटेल नावाचे एक गृहस्थ सरकारी खात्यात रसायनशास्त्राच्या कामावर होते. नोकरी सांभाळून त्यांनी घराच्या मागच्या अंगणात धुण्याची पावडर बनवायला सुरुवात केली. सायकलवर पिशव्या लादायच्या आणि दारोदार विकायच्या. भाव किलोला ३ रुपये. त्या वेळी ‘सर्फ’चा भाव होता किलोला १३ रुपयांच्या आसपास. पावडरीला नाव दिलं आपल्या मुलीचं, निरुपमाचं. ती पुढे अपघातात गेली. पाकिटावरची गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी मात्र घराघरांत राहिली.

आता बघा, पावडरीचा शोध काही त्यांनी लावला नव्हता. सर्फ भारतात १९५९ पासून मिळत होतं. पण ते ज्यांना परवडायचं त्यांनाच. बाकीच्या बायका साबणाच्या वडीने कपडे घासून घासून हात सोलून घेत होत्या. मोठ्या कंपनीच्या लेखी त्या गिऱ्हाईकच नव्हत्या. ही बाई पावडर काय घेणार, असं कुणी तरी हापिसात बसून ठरवून टाकलं होतं. तिलाही कपडे पांढरे हवेत, फक्त महिन्याच्या शेवटी दोन रुपये उरायलाही हवेत, एवढी साधी गोष्ट सायकलवरून दारात येणाऱ्या माणसाला दिसली.

महागाईचे दिवस होते ते. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. अशा दिवसांत ३ रुपये किलोची पावडर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

अर्थात निरमाही सगळी गुणाचीच होती असं नाही. तिच्यात धुण्याच्या सोड्याचं प्रमाण जास्त. हाताची आग व्हायची, रंगीत कपडे फिके पडायचे. तरी बायकांनी ती घेतली आणि घेत राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात तर तिने खपात बड्या बड्यांना मागे टाकलं. मग कुठे हिंदुस्थान लिव्हरला जाग आली आणि दशकाच्या अखेरीस त्यांनी हाताने धुणाऱ्या बायकांसाठी ‘व्हील’ बाजारात आणलं. आधी नाही सुचलं!

ललिताजींचा हिशेब

त्याआधी त्याच कंपनीने एक वेगळा प्रयत्न केला होता, तो मला व्यक्तिशः फार आवडतो. भाव तर उतरवायचा नाही, मग करायचं काय? लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलेक पदमसींनी ‘ललिताजी’ उभी केली. भूमिका कविता चौधरीची, तीच पुढे ‘उडान’ मालिकेतली. ही ललिताजी भाजी निवडून घेणारी, घासाघीस करणारी, कुणाच्या बोलण्याला न भुलणारी. महाग पावडर का घेता, असं विचारलं की ती सरळ हिशेब मांडायची : अर्धा किलो सर्फ म्हणजे साध्या पावडरीचा एक किलो, मग महाग कुठे पडलं? पदमसींनी म्हणे ही बाई आपल्या आईवरून घेतली होती. घरात पैसा असूनही त्यांच्या आई बाजारात भाव केल्याशिवाय वस्तू घेत नसत.

यातली मेख लक्षात घ्या. जाहिरातीतल्या बाईने नुसतं हसून पाकीट गालाशी धरायचं, अशी तेव्हाची रीत. ललिताजीने ती मोडली. गृहिणी हिशेबी असते, तिला फसवणं सोपं नसतं, हे मान्य करून तिच्याशी बोललं गेलं. हिशेब पटला की नाही, हा पुढचा प्रश्न. ज्यांना एकदम तेवढे पैसे बाजूला काढता येत नव्हते त्यांना तो पटूनही उपयोग नव्हता. पण आपल्याला कुणी तरी शहाणं समजलं, ही गोष्ट बायका विसरल्या नाहीत. ललिताजीचं नाव काढलं की अजून पन्नाशी-साठीच्या मैत्रिणी खुदकन हसतात.

गिरगावची गच्ची

आता पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. ८० रुपये उसने आणलेले. त्या दिवशी पापडांची ४ पाकिटं तयार झाली. ‘श्री महिला गृहउद्योग’ची, म्हणजे आपल्या लिज्जतची, ही सुरुवात. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या बायकांनी सुरुवातीला दोन प्रकारचे पापड करायचं ठरवलं होतं, एक चांगल्या प्रतीचा आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांनी हे मोडून काढलं. एकच पापड करा आणि तो उत्तमच करा, असा त्यांचा आग्रह. आज ऐकायला सोपं वाटतं. पण उसन्या ८० रुपयांवर बसलेल्या बाईला हलक्या पिठाचा मोह किती होत असेल, याची कल्पना करून पाहा.

पहिल्याच पावसाळ्यात पंचाईत झाली. गच्चीवर पापड वाळेनात. चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी काय करावं? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. झाले वाळून पापड! घर चालवणाऱ्या बाईलाच सुचेल असा हा उपाय. नाव ठरवतानाही त्यांनी कुणा मोठ्या माणसाला गाठलं नाही. १९६२ साली स्पर्धा ठेवली, बक्षीस ५ रुपयांचं, आणि त्यातून ‘लिज्जत’ हे चविष्ट नाव मिळालं. पुढे रामदास पाध्यांचा बोलका ससा दूरदर्शनवर आला आणि पोरं पापडासाठी हट्ट करू लागली. पण तो फार नंतरचा. पापड आधी घरोघर पोचलेला होता.

मला विचाराल तर या पापडावरच्या विश्वासाचं खरं कारण पाकिटाच्या आत नाही, पाकिटाच्या मागे आहे. संस्थेतल्या बायका एकमेकींना ‘बहीण’ म्हणतात, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. प्रत्येक सभासद मालक. सकाळी केंद्रावर यायचं, मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. ज्या बाईला घराबाहेर कामाला जायची मुभा नाही, जिचं मूल लहान आहे, सासू आजारी आहे, तिला जमेल अशी ही रचना. नफा-तोटाही सगळ्यांचा. आज अशा चाळीस हजारांवर बहिणी आहेत. ज्यांच्या मालकीचं काम असतं त्या पिठात खोट करत नाहीत. आणि घेणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं, की आपण दिलेले पैसे आपल्यासारख्याच एका घरात जाणार आहेत.

दुखरी जागा

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, जो आपलं मन ओळखतो तो आपला. थांबा जरा. मन ओळखणं ही दुधारी गोष्ट आहे.

‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली भारतात आली. सावळ्या मुलीच्या आईच्या पोटात काय कालवतं, हे या क्रीमच्या जाहिराती करणाऱ्यांना पुरेपूर माहीत होतं. बघायला येणारी माणसं, नापसंतीचं पत्र, शेजारणीची टोचणी, सगळं सगळं माहीत होतं. त्या माहितीचं त्यांनी केलं काय? ती भीती आणखी वाढवली. गोरी झालीस तर नोकरी, गोरी झालीस तर नवरा! २००३ च्या सुमारास स्त्री संघटनांनी तक्रारी केल्या तेव्हा काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नावातला ‘फेअर’ जायला मात्र २०२० साल उजाडलं. तेव्हा ती ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. पंचेचाळीस वर्षं बायकांनी ही ट्यूब घेतली. याला निष्ठा म्हणायचं तर म्हणा. मला तो धाक वाटतो. आपली दुखरी जागा ठाऊक असलेला माणूस फुंकर घालतोय की बोट दाबतोय, हे बघायला नको का?

मग २०१५ साली ‘एरियल’ने विचारलं, कपडे धुणं हे एकट्या बाईचंच काम का? पुढच्या वर्षीची त्यांची फिल्म तुम्ही पाहिली असेल. नोकरीवरून दमून आलेली मुलगी एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने स्वयंपाक करतेय, आणि तिचे वडील ते बघून मनातल्या मनात तिची माफी मागतायत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. विकायची पावडरच आहे, हे मी विसरले नाही. पण जी गोष्ट घरात बोलायला जीभ रेटत नाही ती दिवाणखान्यातल्या पडद्यावर कुणी तरी बोललं, याचं श्रेय देऊन टाकावं. त्यानंतर तुमच्या घरी मशीनचं बटण कोण दाबतं, ते तुमचं तुम्ही बघा.

चूक झाली की

आपुलकीची खरी परीक्षा चूक झाल्यावर होते. २००३ चा ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर, भेट द्यायला चॉकलेटचे डबे घराघरांत आलेले. आणि मुंबईत ‘कॅडबरी’च्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीचं पहिलं म्हणणं काय, तर दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. असेलही तसं. पण मुलाच्या हातातलं चॉकलेट काढून घेणाऱ्या आईला दुकानदाराच्या कपाटाशी काय देणंघेणं? वेष्टन तर तुमचंच ना? खप घसरला तेव्हा कंपनी शुद्धीवर आली. दुकानदारांना माल ठेवण्याबद्दल शिकवलं गेलं, जानेवारी २००४ मध्ये घट्ट बंद होणारं नवं वेष्टन आलं, आणि मग अमिताभ बच्चन येऊन ग्वाही देऊ लागले. लोक परतले. माझ्या मते ते अमिताभपेक्षा नव्या वेष्टनामुळे परतले, कारण ते वेष्टन आपल्याला स्वतःच्या हाताने तपासता येत होतं.

तुमच्या भाजणीच्या पुड्या

आता ज्या घरून काही विकतात त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्याकडे ससा नाही, अमिताभ नाही. पण बड्या कंपन्या लाखो रुपये खर्चून जे शोधत बसतात ते तुमच्यासमोर रोज दारात उभं असतं. त्याची नोंद ठेवा. एक साधी वही करा. वरच्या मजल्यावरच्या काकूंना भाजणीत धने जास्त चालत नाहीत, कोपऱ्यावरच्या घरी मधुमेह आहे, अमकीची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय म्हणजे डिंकाच्या लाडवांची विचारणा येईल, हे सगळं त्या वहीत हवं. लाडू न्यायला कुणी आलं की गुळाचे की साखरेचे एवढंच न विचारता बाळंतिणीची तब्येतही विचारा. मात्र खरोखर विचारायची असेल तरच हं! ‘ताई, तुमची खूप आठवण आली’ असा एकच निरोप दोनशेजणींना फोनवरून धाडायची पद्धत निघालीय. तो कुणालाही खरा वाटत नाही.

मिरची महागली म्हणून मसाल्यात गुपचूप काटछाट करू नका. भाव वाढवा आणि का वाढवला ते सांगा. बायका कुरकुरतील, पण घेतील. चव उतरली तर मात्र एक शब्दही न बोलता दुसरीकडे जातील. पुडीवर केल्याची तारीख आणि वजन घाला. अन्नपदार्थ विकायचे तर सरकारी नोंदणी लागते, तीही करून टाका. एखाद्या वेळी खोबरं खवट निघालं आणि चटणी गेलेली असेल, तर घेणारीने तक्रार करायची वाट पाहू नका. आपण होऊन फोन करा, चटणी परत मागवा, पैसे किंवा दुसरी पुडी द्या. त्या दिवशी नुकसान होईल खरं.

घेणाऱ्या बाईनेही आपलं काम करायला हवं. बड्या कंपनीची वस्तू खराब निघाली तर पुडी फेकू नका, पावती जपा, पाकिटावरच्या पत्त्यावर कळवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचं सामान एकत्र घ्यायची त्यांची पद्धत अनेकींना ठाऊक असेल.

आणि घरून विकणाऱ्या मैत्रिणींनो, पुडीवर तुमचा फोन नंबर ठळक अक्षरांत छापा. भर दुपारी, नुकता कुठे डोळा लागलेला असताना तो वाजला तरी उचला.