हँडल मारा, बॉस!

जनरेटर म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटमधली गुरगुर, असं वाटतं ना? आमच्या दारव्ह्याच्या घरी मागच्या पडवीत बाबांचा जनरेटर आहे. त्याचं इंजिन किर्लोस्करचं, म्हणजे 1946 साली पुण्यात सुरू झालेल्या कंपनीचं. 2005 नंतरच्या लोडशेडिंगमध्ये माझा अभ्यास त्याच्याच धडधडीत झाला. हल्ली ते नुसतंच पडून. भंगारात देऊ या, म्हटलं. बाबा म्हणाले, "काहून बे? आधी चालू तं करून पाह्य!"

हँडल मारून दंड भरून आले. (जिमचे पैसे वाचले!) इंजिन ढिम्म. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. पण नळीत हवा अडकली, की नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाही. बाबांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दिलं, स्क्रू आवळला. धड... धड... धडधड!

ही इंजिनं पडून राहूनच जास्त बिघडतात. टाकीत पाणी साचतं, नोझल चिकटतं. महिन्यातून अर्धा तास चालवा, तेही कूलर-पंखे जोडून. रिकामं चालवलं तर काजळी धरते. मात्र बंद खोलीत कधीच नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर तुमच्या घरातला करंट उलटा लाइनवर जातो, आणि खांबावर वायरमन चढलेला असतो.