दर्यावरचे व्रत : नारळी पौर्णिमा आणि हर्णै

श्रावणातील पौर्णिमा घाटावर राखीपौर्णिमा म्हणून साजरी होते, यजुर्वेदी मंडळी या दिवशी नूतन यज्ञोपवीत धारण करतात. कोकणकिनाऱ्यावर मात्र ती नारळी पौर्णिमा होय. वृद्धेश्वराच्या परिसरातील आम्हा तिसगावकरांचे डोळे या दिवसांत पावसासाठी आभाळाकडे लागलेले असतात, तर कोळी बांधव वारापाऊस निवळण्याची वाट पाहतात. उभयतांची प्रार्थना एकाच जलाधिपती वरुणाला.

दापोली तालुक्यातील हर्णै हे असेच एक पुरातन कोळी बंदर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आणि त्याच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे बलस्थान. पुढे १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रे यांच्याकडून सुवर्णदुर्ग जिंकला व तो पेशव्यांकडे आला; १८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसला. २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत त्याचा समावेश झाला. फत्तेगडावर आज कोळ्यांची वस्ती आहे, कनकदुर्गावर दीपस्तंभ आहे. राज्ये गेली, पण जाळी विणणारे हात राहिले. वाळूवरचा मासळीचा लिलाव आणि लाटांत शिरणाऱ्या बैलगाड्या हे हर्णैचे पिढीजात वैभव.

या गावाचे खरे सौंदर्य मात्र त्याच्या संयमात आहे. पावसाळा हा बहुतेक मासळीच्या प्रजननाचा काळ. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि पौर्णिमेला वाजतगाजत सोन्याचा नारळ दर्याला अर्पण केल्यावाचून नौका लोटायची नाही, असा पूर्वजांचा दंडक. चातुर्मासात आपण जिभेला आवर घालतो, कोळी तर आपल्या उपजीविकेलाच आवर घालतो! कोणते व्रत अधिक खडतर?

आता यांत्रिक नौका आल्या आणि कायद्याची तारीख आली. २०२३ साली बंदी ३१ जुलैला संपली. अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा मात्र ३० ऑगस्टला आली. मधल्या महिन्यात कायदा जाऊ देतो, परंपरा थांब म्हणते. घरी कर्जाचा हप्ता उभा असता थांबणे सोपे नव्हे. तरीही जो थांबतो, तो पुढच्या पिढीच्या ताटातला घास राखतो.

भाविकहो, आज नारळीभाताचा नैवेद्य दाखविताना या दर्यावरच्या व्रतस्थांचे स्मरण ठेवावे. जो देतो त्या सागराला आधी विसावा द्यावा, मग हात पसरावा. नारळी पौर्णिमेचा धर्म एवढाच आहे.